आमच्या रस्त्याला ऐकू येऊ लागलं

२ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. या खेपेस वि. वि. जरा जास्तच आहे, तेव्हा चष्मा लावून, पाय वर घेऊन बस.

पालिकेने आपल्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाट्या लावल्यात. सोमवारपासून दुकानं उघडल्यापासून बंद होईपर्यंत एकही वाहन आत येणार नाही. बस नाही, मोटार नाही, टॅक्सी नाही, आपला टेम्पो तर नाहीच. ज्याला यायचं त्याने पायी यावं. सध्या प्रयोग आहे म्हणे, एप्रिलमध्ये दुकानदारांची सभा घेऊन कायमचं काय ते ठरवणार. बाबांनी पाटी वाचली आणि आत येऊन जवळच्या गादीला अशी थाप मारली की गिऱ्हाईक दचकून उठलं. डबल गादी डोक्यावर घेऊन टोकापर्यंत कोण चालत जाणार, असं त्यांनी त्या गिऱ्हाइकालाच विचारलं. ते बिचारं उशी घ्यायला आलं होतं.

माझ्याही अंगाची लाही लाही झालीय, पण कारण वेगळं आहे आणि ते फक्त तुला सांगतोय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की खाली बाबांना ऐकू जातं.

समोर तुझ्या वेळी छत्र्यांचं दुकान होतं, तिथे आता चष्म्यांचं आहे. वर्षभरापासून मालकाची भाची तिथे डोळे तपासते. दुपारी मी माल भरायला टेम्पो दारात लावला रे लावला की ती बाहेर येते. एक हात कपाळावर आडवा धरून मला शोधते. दुसरा हात दोनदा बाजूला करते, म्हणजे कुठेतरी बाजूला भेटू या. आणि मग, आत्या, एक डोळा मिटते. माझं काय होतं ते लिहीत नाही. उत्तर म्हणून मी दोनदा हॉर्न वाजवतो. मध्ये बसगाड्या आणि मोटारसायकली, एक शब्द पलीकडे पोचेल तर शपथ, पण आमचं शब्दांवाचून छान चाललंय. तिला मी नीट दिसावा म्हणून समोरची काच रोज रद्दी पेपरने घासून लखलखीत ठेवतो.

तू विचारशील, मग ओलांडून का जात नाहीस. भांडायला मी कुठे कुठे धावत गेलोय ते तुला माहीत आहे. कॉलेजातून निघालो तेही प्राध्यापकांशी वाद घालूनच. पण हा एवढा एक रस्ता ओलांडायचा म्हटलं की पाय टेम्पोतून खालीच उतरत नाहीत. आता टेम्पोच नसेल तर मी आलोय हे तिला कळणार कसं? म्हणून या बंदीला माझा कडाडून विरोध आहे. बाबांना वाटतंय पोरगा धंद्यासाठी पेटलाय. वाटू दे.

लोभ आहेच. या महिन्यात थोडा जास्तीचा लागेल, तेवढा पाठव.

तुझाच,
शेगडी


६ मार्च

चि. शेगडीस,

अनेक आशीर्वाद, गार पाण्यात बुडवून.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजीत पडले. अरे, मी त्या दुकानाच्या वरच्या खोलीत लहानाची मोठी झाले. त्या गोंगाटात आम्ही सगळे हातांनीच बोलायचो. बोट कानाला लावलं की आजोबा बोलावतायत. मूठ डोक्यावर ठेवली की तपासनीस आलाय. आणि हात दोनदा बाजूला झाडणं ही तर त्या रस्त्यावरची सगळ्यात जुनी खूण. प्रत्येक दुकानदाराने दारात गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला ती केलेली आहे. तिचा अर्थ ‘बाजूला भेटू’ असा मला तरी कुणी सांगितला नाही. ‘बाजूला हो’ असा सांगितलाय.

आता तुझी ती लखलखीत काच. दुपारी ऊन आपल्या दारावर येतं. काचेवरून उडणारी तिरीप समोर कुणाच्या डोळ्यांत जाते ते एकदा बघितलंस का? तिरीप आली की माणूस कपाळावर हात धरतो आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटतो. मी चुकत असेन. चुकत असले तर आनंदच आहे, पेढ्याऐवजी पत्र पाठव.

सोमवारी रस्ता मोकळा होईल. सरळ ओलांड, जवळ जा आणि हळू आवाजात विचार. ‘हळू’ मुद्दाम लिहिलंय. आपल्या घराण्यात मीठसुद्धा आगीची वर्दी दिल्यासारखं मागतात. मी जन्मभर बसमध्ये तिकिटं दिली, तिथे तो आवाज कामाला आला. इतर कुठे आला नाही.

हे पत्र सोमवारच्या आत तुझ्या हातात पडो. माझा लोभ कमी व्हायचा नाही, तू फक्त अक्कल वाढव.

तुझी,
आत्या


८ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र अजून आलेलं नाही. आता आलं काय आणि न आलं काय.

आज सकाळी रस्ता बंद झाला आणि शांतता पसरली. शांतता म्हणजे काय हे आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाबा सारखे बाहेर जाऊन बघत होते, कुठे काही बरंवाईट झालं की काय. पलीकडे चपलांचा दुकानदार खोकला तर आपल्या दुकानात ऐकू आलं.

दुपारी मी खांद्यावर उशांचा गठ्ठा घेऊन दारात आलो आणि नेमकी तीही बाहेर आली. टेम्पो उभा असतो त्या रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली. मला वाटलं, बिचारी मला शोधतेय. जीव गलबलला. आणि बसच्या वरताण बोलायचा जो आपला रोजचा आवाज आहे ना, त्याच आवाजात मी बोललो,

“अगं, टेम्पो नाही म्हणून काय झालं, मी इथेच आहे. मलाही तू आवडतेस.”

‘मलाही’तल्या ‘ही’वर मी जोरसुद्धा दिला, आत्या.

अख्खा रस्ता जागच्या जागी थांबला. खिडक्यांतून माणसं डोकावली. चपलांच्या दुकानात एक बाई एका पायात जोडा घालून तशीच दारात आली. चष्म्याच्या दारातली ती मात्र रागावली नाही की लाजली नाही. साध्या आवाजात बोलली, आणि ते साधं बोलणंही दोन्ही टोकांना ऐकू गेलं.

“मी वर्षभर तुम्हाला टेम्पो पुढे घ्या म्हणत होते. काचेची तिरीप आत येते. आणि तो हॉर्न वाजवत जाऊ नका, तपासायला बसलेली माणसं दचकतात.”

मी तिला ‘तू’ म्हटलं आणि तिने मला ‘तुम्ही’. बाकी सगळं सहन झालं असतं. मग कुणीतरी हसलं आणि मी उशा तिथेच टाकून मागच्या दाराने निघून गेलो. बाबांनी ऐकलं की नाही देव जाणे, ते पाठ करून गाद्यांवरची धूळ झाडत होते.

या प्रकरणाला पालिका जबाबदार आहे. रस्ता होता तसा असता तर माझं बोलणं एका बसखाली चिरडून गेलं असतं आणि मी सुखात असतो. गाड्या परत आल्याच पाहिजेत. निदान लोकांचं हसणं बुडेल एवढा गोंगाट मला परत हवाय. एप्रिलच्या सभेत सगळ्या दुकानदारांच्या वतीने मीच बोलणार, असा बाबांना आणि संघटनेला शब्द देऊन आलोय. त्यांना मोठ्या आवाजाचा माणूस हवाच होता.

माझ्यावर लोभ करण्यासारखं आता काही उरलं नसलं तरी जुन्या ओळखीने करावा.

तुझा,
विझलेली शेगडी


१४ मार्च

चि. शेगडीस,

आशीर्वाद, या वेळी कोरडे आणि उबदार.

रस्ता ओलांड म्हणून तुला लिहिलं, आणि वाटेत आपली पत्रंच एकमेकांना ओलांडून गेली. तुझं वाचून मला हसू आलं नाही, हे आधी सांगते. उघड्यावर असं पडणं फार लागतं. पण तू खोटं काही बोलला नाहीस. चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या आवाजात खरं बोललास. लोक पंधरवड्यात विसरतील. ती विसरेल असं नाही, पण तिने तुला घरात बोलवून अपमान केला नाही की मामाला सांगून भांडण लावलं नाही. काम काय ते सांगितलं आणि थांबली. मुलगी नीट वाटते.

दुसरं. तुझ्या बाबांनी फोनवर ओरडून सांगितलं ते एवढंच कळलं की सभेत माझ्या गुडघ्यांचा दाखला देणार आहेत, माझी बहीण तिच्या माहेरच्या दारात उतरू शकत नाही म्हणून. दाखला खरा आहे. बस आपल्या दारात थांबायची, आता टोकाला थांबते, आणि तिथून दारापर्यंत मला चालवणार नाही. पण आमच्या गावातला बाजारही असाच बंद केलाय आणि तिथे पोरं रस्त्याच्या मधोमध खडूने चित्रं काढतात, ते बघायला मी मुद्दाम थांबते. गाड्या काढल्या हे अर्धं काम झालं. ज्याला चालवत नाही त्याने कसं यायचं, हे दुसरं अर्धं. ते अर्धं मागायचं सोडून तुम्ही बापलेक पहिलं अर्धं मोडायला निघालात. आणि तू तर तोंड लपवायला गोंगाट मागतोयस. माझे गुडघे तुझ्या लाजेवर पांघरूण म्हणून वापरू नकोस.

रागावले नाही. लोभ जागच्या जागी आहे, तोही माझ्यासारखा फारसा हलत नाही.

तुझी,
आत्या


२२ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र लिहायची सवय मोडली आहे, चूकभूल माफ असावी.

धंदा मंद आहे. लोक येतात, गाद्यांवर बसतात, गप्पा मारतात, चांगली आहे म्हणतात आणि चालू लागतात. एवढी गर्दी आणि एवढी कमी विक्री मी कधी पाहिली नव्हती.

चिरंजीवांचा पराक्रम तुला कळला असेलच. मी ऐकलं नाही असं मी दाखवतो. माझे कान गेलेत अशी त्याची समजूत आहे, ती राहू दे. त्या दिवसापासून तो दिवसभर माळ्यावर गाद्यांच्या वळकट्यांमागे बसून सभेचं भाषण घोकतो. खाली गिऱ्हाइकांना वाटतं वर कुणाचं तरी भांडण चाललंय.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. काल समोरची चष्मेवाली रस्ता ओलांडून आपल्या दुकानात आली. तपासायला आलेल्या एका वयस्क शिक्षिकेच्या डोळ्यांत थेंब घातलेले, त्यांना समोरचं सगळं धूसर दिसत होतं, पायात जोर नाही, आणि टॅक्सीला आत यायला बंदी. तुमची दुकानातल्या गाद्या हलवायची ढकलगाडी थोडा वेळ मिळेल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं गाडी मिळेल, पण ती वाकडी चालते, ढकलणारा सवयीचा लागतो. आणि माळ्याकडे बघून हाक मारली. वर भाषण बंद पडलं. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा साहेब केसांत कापूस घेऊन उतरले.

त्याने काय करावं? दुकानातली सगळ्यात चांगली गादी उचलली, ढकलगाडीवर अंथरली आणि गाडी समोर नेली. मी ओरडणार होतो, पण त्या शिक्षिका आधीच बसल्या होत्या आणि एवढं सुख मला नोकरीत कधी मिळालं नाही असं म्हणत होत्या. तो मागून ढकलत, ती बाजूने हात धरून, असे तिघं बसथांब्याकडे गेले. आपला मुलगा गप्प चालतोय हे दृश्य मी दुकान सोडून दारात उभा राहून पाहिलं.

लोभ असू द्यावा. भाच्यावर जरा जास्त असतो, तो थोडा इकडेही वळवावा.

तुझा,
धाकटा


३० मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. बाबांनी तुला पत्र लिहिलं असं कळलं. काय लिहिलं ते सांगत नाहीत, नुसते मिशीत हसतात.

ढकलगाडीचं आता रोजचंच झालंय. आधी चष्म्याच्या दुकानातली माणसं होती, मग काठी टेकत येणारे इतरही विचारायला लागले. वाकडं जाणारं चाक मी बदललं. त्या शिक्षिकांनी पुन्हा येऊन, ज्या गादीवरून गेल्या तशीच नवी हवी म्हणून घेतली, तेव्हापासून बाबांचा विरोध जरा मवाळ झालाय. गिऱ्हाईक चालत्या गादीवर बसून बघतं, असा धंदा त्यांनी कधी केला नव्हता.

आत्या, मी या रस्त्यावर जन्मलो, पण त्याच्या मधोमध कधी चाललो नव्हतो. टेम्पोतून मला फक्त पुढच्या गाडीचं बूड दिसायचं. आता कळलं की घड्याळवाल्याच्या दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ वाजवतात, आणि शिंप्याच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी रोज तीच एक धून शिकतंय आणि रोज एकाच जागी चुकतंय. सुरुवातीला चाल सावकाश ठेवताना डोकं फिरायचं. गाडीवरच्या आजोबांनी झोप लागली म्हणून आभार मानले तेव्हा फिरायचं थांबलं.

ती बरोबर चालते, रुग्णाचा हात धरून. दुसऱ्या खेपेला मी हॉर्नबद्दल माफी मागितली. ती म्हणाली की ती पोलिसात तक्रार करणार होती, पण टेम्पोवाला दिसायला भांडकुदळ आणि वागायला खुशालचेंडू वाटायचा, दर वेळी एवढा आनंदाने हॉर्न वाजवायचा की तिला तक्रार करवेना. मग ती अधूनमधून बोलायला लागली. तिला माणसं आवडतात, पण ती दिवसभर त्यांना अंधाऱ्या खोलीत एक एक करून भेटते, म्हणून ही खेप तिला बरी वाटते. त्या दिवशीच्या माझ्या बोलण्याबद्दल तिने चकार शब्द काढलेला नाही. मीही नाही.

आणि आता सभा जवळ आली. मी शब्द दिलाय की गाड्या परत आणा म्हणून बोलेन. गाड्या परत आल्या तर ढकलगाडी पहिल्याच बसखाली जाईल, आणि ती मुलगी पुन्हा नदीपलीकडे गेल्यासारखी समोर उभी राहील. उलट बोललो तर भरसभेत बाबांना तोंडघशी पाडल्यासारखं होईल, तेही अशा माणसाला, ज्याने मी कॉलेज सोडलं तेव्हा घरात एक शब्द विचारला नाही आणि टेम्पोची किल्ली हातात ठेवली. ही मुलगी मला हवीय, आत्या. पण बाबांना विकून नको. काय करू ते कळव. माझं डोकं तापलेलं असतं तेव्हा निर्णय पटकन होतात. सध्या ते तापतच नाही.

लोभाबरोबर या वेळी सल्लाही असावा.

तुझा,
शेगडी


५ एप्रिल

चि. शेगडीस,

अनेक आशीर्वाद. सल्ला मागितलास, म्हणून थोडक्यात.

दिलेला शब्द मोडायचा असेल तर ज्याला दिला त्याला आधी सांगावं. सभेत उभं राहून नाही, दुकान उघडायच्या आधी, दोघंच असताना. तुझे बाबा चिडतील. चिडलेल्या माणसाला बसू द्यायचं आणि आपण उभं राहायचं, हे मी बसमध्ये शिकले.

आणि तिच्यासाठी म्हणून सभेत बोलू नकोस. ती उद्या नाही म्हणाली तरीही जे बोलशील, तेवढंच बोल.

लोभ सोबत पाठवते आहे, जपून उघड.

तुझी,
आत्या


१३ एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. काल सभा झाली. क्रमाने सांगतो, नाहीतर तू चष्मा काढून ठेवशील.

परवा सकाळी बाबांना गाठलं आणि सांगितलं की मी दिलेला शब्द परत घेतोय. ते चिडले. तू लिहिलं होतंस तसा मी उभा राहिलो. बरंच बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, हे समोरच्या मुलीसाठी का. मी म्हटलं, सुरुवात तिथून झाली, पण आता ती नाही म्हणाली तरी मी हेच बोलेन. मग म्हणाले की त्या दिवशीचं माझं ओरडणं त्यांनी पहिल्या अक्षरापासून ऐकलं होतं. मी जमिनीत गेलो. ते म्हणाले, तुला जे वाटेल ते बोल, फक्त दुकानाची लाज राख आणि हळू बोल, माझे कान चांगले आहेत.

सभेत मी सवयीने मोठ्यानेच सुरुवात केली. पालिकेच्या बाईंनी कानावर हात नेला तेव्हा आवाज खाली आणला, आणि गंमत म्हणजे लोक पुढे सरकून ऐकायला लागले. मी म्हटलं, रस्ता बंदच ठेवा, पण उरलेलं अर्धं काम करा. ते ‘अर्धं’ तुझं आहे, नाव सांगितलं नाही. बसथांबा टोकावरून आत, पहिल्या दुकानाशी आणा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी सावकाश चालणारी बॅटरीची छोटी गाडी ठेवा. माल सकाळीच येऊ दे, पण दुपारी विकलेलं जड सामान न्यायला ढकलगाड्यांना मुभा द्या. संघटनेचे लोक माझ्याकडे असे बघत होते की मी त्यांचं दुकान पेटवलंय. मग सगळ्यांनी माना वळवून बाबांकडे पाहिलं.

बाबा उठले. म्हणाले, “मुलाने माझी सगळ्यात चांगली गादी रस्त्यावर नेली. पालिकेने गाडी दिली तर गादी मला परत मिळेल.” आणि बसले. एवढंच. आधी सगळे हसले, आणि मग चपलांच्या दुकानदाराने हात वर केला, घड्याळवाल्याने केला. सगळ्यांनी केला नाही. कापडवाले अजून बोलत नाहीत. पण बंदी राहिली आणि गाडी मंजूर झाली. ती कोण चालवणार हे अजून ठरायचंय, अर्ज मीही केलाय. जिला हॉर्नच नाही अशी गाडी मी चालवणार म्हटल्यावर बाबांना ठसका लागला.

आता दुसरं. संध्याकाळी तिचं दुकान बंद होताना मी रस्ता ओलांडला. एकटा, गाडी न घेता. हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. जवळ गेलो आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो की त्या दिवशी मी चुकीचं समजून बोललो, पण जे बोललो ते चुकीचं नव्हतं, आणि उत्तर द्यायलाच हवं असं नाही. ती बराच वेळ कुलूप लावत राहिली. मग म्हणाली की तिने मला वर्षभर काचेमागे पाहिलंय आणि तीन आठवडे गाडीमागे, समोरून कधी पाहिलेलंच नाही, मग एकदम काय सांगणार. मी म्हटलं, बरोबर आहे. आणि मग विचारलं, आज कुणाला पोचवायचं नाहीये, तरी टोकापर्यंत चालायचं का.

“चालेल,” ती म्हणाली.

पूर्वीचा मी असतो तर या एका शब्दावरून घरी जाऊन लग्नाची तारीख काढली असती. म्हणून या वेळी तिथेच विचारलं, चालेल म्हणजे काय. ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली, सगळा रस्ता वळून बघेल एवढ्या मोठ्याने. म्हणाली, चालेल म्हणजे आज टोकापर्यंत, आणि उद्या विचारलंस तर उद्याही.

आज सकाळपासून मी गाद्या उचलतोय आणि त्या जड लागत नाहीत. आता दुकान बंद व्हायची वेळ झाली, म्हणून पत्र इथेच थांबवतो. मला विचारायला जायचंय.

तुझाच,
शेगडी